बागेत काम करायचंय? मग आधी उन्हाळ्याचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा. धुळ्याच्या देवपूर भागात राहणाऱ्या एका ताईंची कृषी पदविका झाली आहे. त्यांना सार्वजनिक बागांमध्ये, जमल्यास पालिकेच्या उद्यान विभागात काम करायचं आहे. जागा निघेपर्यंत थांबावं की स्वयंसेवक म्हणून सुरुवात करावी, असं त्या विचारतात. शिवाय त्यांच्या कॉलनीतली ओपन स्पेस कित्येक वर्षं पडीक आहे. बारा जणांचा गट जमलाय आणि 1 जुलैला तिथे 200 झाडं लावायचा, मधोमध हिरवळ करायचा आणि कडेने खेळणी बसवायचा बेत आहे. तो कसा वाटतो?

ताई, आधी बेताचं बोलतो. 200 झाडं लावू नका. 30 लावा. हिरवळ रद्द करा. खेळण्यांचं पुढे सविस्तर सांगतो. माझी नोकरी खानदेशातल्या पालिकांच्या बागांमध्ये गेली आणि अजूनही चार-दोन गटांबरोबर हिंडतो. त्या जोरावर सांगतो, की आपल्याकडे झाड लावायला माणसं कधीच कमी पडत नाहीत. जुलैत खड्ड्यापेक्षा फोटोवाले जास्त असतात. राज्य सरकारने 2016 ते 2019 या काळात मोठमोठी उद्दिष्टं ठेवून वृक्षलागवड केली, 2019 चं उद्दिष्ट तर 33 कोटींचं होतं. लावण्याची हौस आपल्याला आहेच. चणचण असते ती मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत, पाणी घालणाऱ्या हातांची. लागवडीच्या बैठकीत गावाकडचा एखादा म्हातारा मागून विचारतोच, “पन पानी कोन देई, भाऊ?” त्याचं उत्तर लेखी नसेल तर खड्डे खणू नयेत.

हिशेब करून बघा. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला एका वेळी साधारण 15 लिटर, म्हणजे एक बादली पाणी आठवड्यातून दोनदा लागतं. 200 रोपांना आठवड्याला 400 बादल्या. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत 15 आठवडे धरले तर 6,000 बादल्या. बारा जणांपैकी मे महिन्यात किती जण गावात असतात? कुणी माहेरी, कुणी लग्नात, कुणाच्या मुलाची परीक्षा. उरलेले चार जण 42-43 अंशांत प्रत्येकी 100 बादल्या दर आठवड्याला वाहणार नाहीत, आणि त्यांनी वाहाव्यात असं मला वाटतही नाही. 30 रोपांना आठवड्याला 60 बादल्या लागतात. त्या चौघांना जमतात.

आपल्या भागातली जुनी गोष्ट आठवा. पांझरेवरची फड पद्धत तुमच्या धुळ्याचीच. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि पाणी कुणाला कधी हे ठरवणारा, गावाने नेमलेला पाटकरी. पाणी सगळ्यांचं असलं तरी ते सोडायची जबाबदारी एका नेमलेल्या माणसाची असे. तुमच्या गटातही तसंच करा. ‘आपण सगळे मिळून पाणी घालू’ असं म्हणू नका. आठवड्यागणिक एक पाटकरी नेमा, नाव कागदावर लिहा, कागद नळाजवळच्या खोलीत किंवा किराणा दुकानात लावा. ज्याची पाळी चुकेल त्याने बदली माणूस द्यायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टिकत नाही. तिथे अंगठा दाखवला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

हिरवळीला माझा विरोध का, तेही आकड्यात. 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 चौरस मीटरला 1 लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात लॉनला रोज 6 मिलिमीटर तरी लागतं. 5,000 चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे 465 चौरस मीटर. तिला दिवसाला जवळपास 2,800 लिटर लागणार. दर दोन दिवसांनी 5,000 लिटरचा एक टँकर, आणि तोही थोडा कमीच पडेल. ज्या शहरात घरच्या नळाला दिवसाआड किंवा चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे गवतासाठी टँकर उभा राहिला की शेजारचेच लोक बागेच्या विरोधात जातात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मोकळी जागा हवीच असेल तर मुरूम दाबून, पाणी मारून सपाट करा. मुलं त्यावर जास्त खेळतात. किंवा पावसाळ्यात उगवणारं मारवेल, पवन्यासारखं आपलं गवत राहू द्या आणि हिवाळ्यात ते पिवळं पडलं तर पडू द्या. लळिंगच्या कुरणात जाऊन या. आपल्याकडचा माळ मुळात गवताचा आहे, आणि वर्षातले सात-आठ महिने तो सोनेरी असणं यात काही बिघाड नाही.

आता जागेचं. खड्डा खणायच्या आधी कागद. लेआउट मंजूर होताना ठरावीक आकाराच्या वरच्या भूखंडात 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तीच ही ओपन स्पेस. ती पालिकेकडे हस्तांतरित झालीय की अजून प्लॉटधारकांच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर दिसते, हे आधी बघा. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत, आणि सातबारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. या दोन कागदांवर जागेचं क्षेत्रफळ आणि नाव जुळलं पाहिजे. मग जागेची मोजणी. आपल्या कॉलन्यांमध्ये काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. आधी एका कोपऱ्यात ओटा, मग ओट्यावर छोटं मंदिर, मंदिरापुढे सभामंडप, सभामंडपाला शटर, आणि शटरच्या आत लग्नाच्या मांडवाचं सामान. मंदिराबद्दल मला काही म्हणायचं नाही, मीही नमस्कार करूनच पुढे जातो. पण मुलांची जागा फूट-फूट करत जाते आणि कुणाला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात आराखड्यातली बागेची जागा खासगी रुग्णालयाला देणं रद्द ठरवलं होतं. तिथे रहिवासीच न्यायालयात गेले होते. म्हणजे तुमच्यासारख्या शेजाऱ्यांना बोलायचा अधिकार आहे, हे लक्षात असू द्या. मात्र पहिल्याच दिवशी भांडायला जाऊ नका. जिथे सकाळ-संध्याकाळ माणसं बसतात, मुलं खेळतात, त्या जागेवर अतिक्रमण करायला कुणी सहसा धजावत नाही.

कागद हातात आले की पालिकेला अर्ज द्या: अमुक गट अमुक जागेची देखभाल स्वखुशीने करायला तयार आहे, जागेच्या मालकीवर आमचा कोणताही हक्क राहणार नाही, आणि पालिकेने पाण्याची जोडणी, कुंपण आणि दिवे द्यावेत. ‘मालकीवर हक्क नाही’ हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर अधिकारी सही करायला घाबरतात, आणि त्यांनी घाबरावं असे अनुभव त्यांनाही आलेले असतात. अर्जाची पोच घ्या.

झाडं कोणती लावायची? इथे मी जरा हट्टी आहे. कडुनिंब, करंज, बहावा, शिरीष, काटेसावर, आणि जागा मोठी असेल तर एकच वड किंवा पिंपळ, तोही भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून लांब. कडेला सीताफळ, बोर. सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही, आणि मोकाट जनावरांच्या कॉलनीत ही मोठी गोष्ट आहे. कोनोकार्पस अजिबात नको. भरभर वाढतो, हिरवागार दिसतो म्हणून गेल्या काही वर्षांत दुभाजकांवर आणि बागांत तो लावला गेला. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सप्तपर्णीही घराच्या खिडकीजवळ नको. दिवाळीच्या सुमाराला तिच्या फुलोऱ्याच्या उग्र वासाने दम्याच्या माणसाला त्रास होतो, अशा तक्रारी मी दर वर्षी ऐकत आलोय. गुलमोहर मादागास्करचा पाहुणा. मेमध्ये सुंदर दिसतो, पण वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. बसायच्या बाकावर त्याची फांदी येऊ देऊ नका.

नर्सरीवाला तुम्हाला एक्झोरा देईल, कुंपणाला लावा म्हणेल. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत एक्झोरा दुसऱ्या वर्षी पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. मुळात दोष लोहाचा असतो. जमिनीत लोह असतं, पण मातीचा सामू (पीएच) जास्त असल्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी केली की पालवी सुधारते, पण ती दर काही महिन्यांनी करावी लागते. एवढं करण्यापेक्षा अडुळसा, मेंदी किंवा तगर लावा.

खड्डे मे महिन्यात खणून ठेवा, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे. ऊन लागू द्या. रोपं सामाजिक वनीकरण विभागाच्या किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेतून सवलतीच्या दरात मिळतात, मात्र मागणी आधी नोंदवावी लागते. चार फुटांच्या वरची, बुंधा जरा जाड झालेली रोपं मागा. 1 जुलैला वनमहोत्सव आहे म्हणून त्याच दिवशी लावायचं, हा हट्ट सोडा. खानदेशात पाऊस कधी जूनअखेर येतो, कधी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाट बघायला लावतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाली की लावा. आच्छादनाला आपल्याकडे सोन्यासारखी वस्तू फुकट मिळते. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची कापणी झाली की खांब आणि पानं बांधावर पडून असतात. धुळ्यालाही शिरपूरकडून एखादी गाडी भरून आणता येईल. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून भोवती टाका. खांबात पाणी असतं, हळूहळू कुजतं, जमीन भेगाळत नाही. काळ्या जमिनीत एप्रिलमध्ये ज्या भेगा पडतात त्या कोवळी मुळं अक्षरशः तोडतात. रोपं मरण्याचं हे कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही. ठिबकचं तर आपल्याला कुणी शिकवायला नको. जळगावचं ठिबक देशभर जातं, आणि जळगावातल्याच कॉलन्यांच्या बागांत लोक हजारा घेऊन फिरताना दिसतात, याची मला गंमत वाटते. 30 झाडांना एक टाकी आणि ठिबकच्या दोन नळ्या बसवल्या तर तुमच्या पाटकऱ्याचं काम कॉक फिरवण्याएवढं राहतं. सीएसआरवाले किंवा दानशूर व्यापारी आले तर त्यांच्याकडे रोपं मागू नका, टाकी आणि तीन वर्षांचं पाणी मागा. बोर्डावर नाव लावू म्हणून सांगा, हरकत नाही.

खेळण्यांचं आता. पत्र्याची किंवा स्टीलची घसरगुंडी दक्षिण-पश्चिमेला तोंड करून उभी केली तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला ती तव्यासारखी तापते. लहान मुलाच्या मांडीला चटका बसतो. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे असू द्या किंवा तिच्या पश्चिमेला कडुनिंब येईल अशी आखणी करा. तोवर वर शेडनेट ताणा. काळ्या रबरी फरश्याही तापतात. खाली फूटभर चाळलेली वाळू सगळ्यात बरी, फक्त ती आठवड्याला दाताळ्याने उकरावी लागते, कारण तिच्यात काचा निघतात आणि मांजरं घाण करतात. झोक्याच्या साखळीचा वरचा हूक बघा. तो झिजून अर्धा होतो तेव्हा खालून कुणाला दिसत नाही. शिडीवर चढून, हात लावून बघायचा, महिन्यातून एकदा. ओपन जिमचे बेअरिंग दोन पावसाळ्यांत जाम होतात आणि मग कुणीतरी जोर लावून दांडा तोडतो. खेळणी घेताना दुरुस्तीचा करार सोबत नसेल तर घेऊ नका. झोका एकच असला तरी चालेल, पण तो धड असावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मात्र झोके मोठ्या झाडांवर चढणारच. माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोका बांधणार, गाणी म्हणणार. ते अडवू नये. उलट आठवडाभर आधी माळीकाकांना घेऊन कोणती फांदी दणकट आहे ते बघून ठेवावं, दोराखाली गोणपाट गुंडाळावं म्हणजे साल सोलत नाही, आणि सण झाल्यावर दोर सोडून घ्यावेत. दोर तसेच राहिले तर फांदीत रुततात. सणांचं हे वेळापत्रक बागेच्या माणसाला तोंडपाठ पाहिजे. वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी वडाच्या फांद्या तोडून बाजारात जातात, दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो, होळीच्या आधी वाळकी फांदी आणि ट्रीगार्डचे बांबू नाहीसे होतात. त्या त्या दिवशी दोन-तीन माणसं नुसती बागेत बसून राहिली तरी बरंच वाचतं.

बागेच्या वेळेबद्दलही सांगतो. पुण्या-मुंबईच्या बागांचं वेळापत्रक बघून आपल्याकडे रात्री आठला फाटक लावतात. मे महिन्यात धुळ्या-जळगावात माणूस घराबाहेर पडतो तोच साडेसातनंतर. आठ ते साडेदहा ही आपली खरी बागेची वेळ. तेव्हा दिवे चालू हवेत, पाणी प्यायला हवं आणि बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. ते नसलं की बाया आणि मुलं येत नाहीत, मग टोळकी येतात, मग लोक म्हणतात बाग वाईट आहे. तुमच्या अर्जात दिव्यांची मागणी झाडांच्या आधी लिहा. झुडपंही कमरेच्या वर वाढू देऊ नका. आरपार दिसणाऱ्या बागेत बाई निर्धास्त बसते. दगडी आणि लोखंडी बाक सूर्यास्तानंतरही तासभर गरम असतात, म्हणून बाक पूर्वेच्या बाजूला, दुपारच्या सावलीत.

आता नोकरी. खरं सांगू का, नुसती जागा निघायची वाट बघत बसलात तर वय निघून जाईल. महापालिकेत उद्यान अधीक्षक, सहायक, पर्यवेक्षक अशी पदं असतात, पण ती मोजकी, आणि भरती क्वचित. नगरपरिषदांमध्ये बऱ्याच ठिकाणी बाग आरोग्य किंवा बांधकाम विभागाच्या पदरात असते. वरच्या पदांना बहुधा कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी मागतात. तुमची पदविका आहे, तेव्हा जमलं तर पुढे पदवी करा. धुळ्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहेच. दुसरा रस्ता ठेकेदारांकडचा. बागांची देखभाल आता बहुतेक ठिकाणी निविदा काढून दिली जाते. ठेकेदाराला सही करणारा, रोजची नोंद ठेवणारा, रोगकिडीचं कळणारा पर्यवेक्षक लागतो. तिथे शिरा, पण डोळे उघडे ठेवून. पगार बँकेत जमा होतो का, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळाला का, ईएसआयसीचं कार्ड आहे का, हे पहिल्या महिन्यातच बघा. पगार किमान वेतनापेक्षा कमी नसावा. ठेकेदाराने मजुरांचे पैसे बुडवले तर मुख्य मालक म्हणून पालिकेवरही जबाबदारी येते, हे आपल्या मजुरांना ठाऊक नसतं. पर्यवेक्षक झालात तर ते त्यांना सांगा. ठेकेदाराला आवडणार नाही.

पालिकेच्या बाहेरही काम आहे. वन विभागाची उद्यानं आहेत, जळगावजवळचं लांडोरखोरी तुम्ही पाहिलं असेल. विद्यापीठाचे आणि कारखान्यांचे परिसर आहेत, मोठ्या शाळा आहेत. उमविचा, म्हणजे आताच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा, बांभोरीचा परिसर मुळात उघडाबोडका माळ होता. तिथे आधी पाणी अडवलं, मग झाडं लावली. तो क्रम बघायला एकदा जाऊन या. आणि साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यालाही जा. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती तिथल्या जंगलाच्या राखणीसाठी. बाग आणि जंगल यांत फरक आहे, पण राखण कशी वाटून घ्यायची हे तिथल्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे.

तर थांबायचं की स्वयंसेवा करायची? स्वयंसेवा करा, पण एक हद्द आखून. आठवड्यातून दोन सकाळी, सहा महिने, एकाच बागेत, आणि तिथल्या माळीकाकांच्या हाताखाली. दहा ठिकाणच्या फोटोंपेक्षा एका बागेची तुम्ही स्वतः लिहिलेली वही मुलाखतीत जास्त उपयोगी पडते. कोणत्या तारखेला किती पाणी, कोणत्या झाडाला कोणती कीड, किती रोपं होती आणि जूनअखेर किती जगली. ही वही ठेवणारी मुलं फार कमी. तुम्ही कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेत होतात का? दोन वर्षांत 240 तास काम करावं लागतं. ते प्रमाणपत्र असेल तर जोडा. पण त्याहून मोलाचं आहे ते माळ्याकडून हातात येणारं कसब. फांदी तीन कापांत कशी उतरवायची: आधी खालून एक अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, आणि राहिलेला खुंट शेवटी, गळ्याला (फांदी खोडाला जुळते तिथल्या फुगवट्याला) धरून पण गळा न छेदता. असं केलं की खोडाची साल खालपर्यंत सोलत जात नाही. पुस्तकात हे अर्ध्या पानाचं आहे, झाडावर शिकायला दोन हिवाळे जातात.

माळ्यांबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. रविवारी पन्नास स्वयंसेवक टी-शर्ट घालून येतात, तासभर गाजरगवत उपटतात, ढीग तिथेच टाकून नाश्ता करून जातात. सोमवारी तो ढीग माळी उचलतो, आणि फोटोत तो नसतो. त्याच्या रोजंदारीची जागा फुकटच्या हातांनी घ्यायची नाही, हे गटात पहिल्या दिवशी ठरवून टाका. पालिकेने माळी कमी करून ‘तुम्ही आहातच की’ म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. गाजरगवत फुलोऱ्यावर यायच्या आधी, पावसात, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं, आणि ज्यांना दम्याचा किंवा खाजेचा त्रास आहे त्यांना त्या कामाला लावायचं नाही.

धोक्याची कामं स्वयंसेवकांनी करू नयेत. उंचीवरची छाटणी, चेनसॉ, विजेची पेटी, कीटकनाशकाची फवारणी, ही चारही पगारी आणि शिकलेल्या माणसांची कामं. झाड तोडायचं असो की मोठी छाटणी, 1975 च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अट आली. ‘आमच्या बागेतलं आमचं झाड’ हे चालत नाही. जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायला ठेकेदार आला तर त्याला थांबवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं, तेवढी जागा आपणही सोडावी.

आग्या मोहोळ दिसलं की त्याच्या खाली धूर नाही, दगड नाही, आणि मोहोळ उठून जाईपर्यंत त्या कोपऱ्यात मुलांना जाऊ द्यायचं नाही. पाचोळ्याच्या ढिगात हात घालायच्या आधी काठीने हलवायचं. घोणस आणि फुरसं पाचोळ्याच्या रंगाचंच असतं. साप दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक किंवा ओळखीचा सर्पमित्र. कुणाला चावलाच तर बांधणं-कापणं काही न करता 108 ला फोन आणि थेट जिल्हा रुग्णालय. उन्हाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहा ते साडेनऊ, बस्स. डोक्याला बागायतदार रुमाल, दर अर्ध्या तासाला पाणी. काम करता करता एखादा असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं आणि घाम यायचा थांबला, तर त्याला सावलीत आडवं करून ओल्या फडक्याने अंग पुसायचं आणि वाट न बघता 108 बोलवायची. ‘जरा बसला की बरं वाटेल’ म्हणणारे लोक गटात असतातच, त्यांचं ऐकू नका.

तुम्ही विचारलं नाही, पण गटात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना पाणी वाहायला लावण्यापेक्षा फाटकाच्या किल्ल्या द्या. सकाळी उघडणं, रात्री लावणं, कोण काय तोडतं यावर नजर, आणि नगरसेवकाला वारंवार फोन. निवृत्त शिक्षकाचा फोन पालिकेत लवकर उचलला जातो. मुलांकडे एकेक झाड नावाने सोपवा, पण उन्हाळ्याची जबाबदारी मुलांवर टाकू नका, सुट्टीत ती मामाच्या गावाला असतात.

तुमच्या पहिल्या महिन्याचं काम मी असं लावीन. नगररचनेतून लेआउटची प्रत काढा, जागेची मोजणी करून चारही कोपऱ्यांत दगड रोवा, जवळच्या एखाद्या चालू बागेतल्या माळीकाकांना चहाला बोलवून जागा दाखवा, आणि पाण्याची जोडणी व दिव्यांसाठी अर्ज देऊन पोच घ्या. मार्चपर्यंत पाणी आलं नाही तर त्या वर्षी फक्त कुंपण आणि सीताफळाची दहा रोपं, बाकीचं पुढच्या पावसाळ्यात. पाणी आलं तर मेमध्ये 30 खड्डे. अर्ज कसा लिहायचा त्याचा मसुदा हवा असेल तर जागेचं क्षेत्रफळ आणि मालमत्ता पत्रकावर कुणाचं नाव निघतं ते कळवा, त्याप्रमाणे मजकूर बदलतो.